निळ्या पेन्सिलीचा माग

पांढऱ्या कापडावर नक्षी काढायची, तिच्यावरून टाके घालायचे आणि काम संपल्यावर तिथं रेघ होती याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, ही क्विल्ट शिवणाऱ्यांची जुनी अडचण. आपल्या गोधडीला ती फारशी पडत नाही. काठ धरून धावदोरा घालत गेलं की आधीची ओळच पुढचीला वाट दाखवते. पण इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थंबरलंड आणि डरहॅम परगण्यांत, एकोणिसाव्या शतकात सबंध एकरंगी कापडाच्या क्विल्टला मोठा मान होता. त्यात रंगीत तुकड्यांची करामत नसे. पिसं, गुलाब, पीळदार दोरखंड हे सगळं नुसत्या टाक्यांनी उठवलेलं, उंचसखल भागांवर पडणाऱ्या सावलीतून दिसणारं. तिथं वाकडी गेलेली रेघ लपवायला जागाच नाही. या नक्षीचं श्रेय सहसा कसबी हातांना दिलं जातं, आणि ते रास्तच आहे. माझं म्हणणं एवढंच, की तिचं रूप ठरवण्यात रेघ मारायच्या साधनाचा वाटा आपण समजतो त्याहून बराच मोठा होता.

जुनी रीत सुईची. जाड, बोथट सुई जवळजवळ आडवी धरून कापडावर दाबून ओढली की बारीक चर उमटतो. डाग नाही, धुवायची गरज नाही. पण हा चर टिकतो थोडाच वेळ. कापड हाताळलं, घड्या पडल्या की विरून जातो. म्हणून तो ओढायचा तो क्विल्ट चौकटीवर ताणून झाल्यावर, बसल्या बैठकीत शिवून होईल तेवढाच. आता ही चौकट म्हणजे दोन लांब दांडे, त्यांना कापडाची दोन टोकं गुंडाळलेली, आणि मध्ये उघडा राहिलेला हातभर रुंदीचा पट्टा. शिवणारीला एका वेळी दिसायचा तो हा पट्टा. अख्खी चादर एका नजरेत यायची ती काम उतरवल्यावरच. या भागात ‘स्ट्रिपी’ क्विल्ट, म्हणजे उभ्या पट्ट्यांचे आणि पट्टीपट्टीत एकेक वेल धावणारे, इतके लोकप्रिय का झाले याची कारणं आणखीही असतील. पण पट्ट्यापुरतंच पाहू देणाऱ्या चौकटीशी आणि पुसट होत जाणाऱ्या चराशी त्यांची गाठ चपखल बसते.

ही गाठ सुटली ॲलनहेड्स नावाच्या खाणकामगारांच्या गावात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाहेरून येणाऱ्या स्वस्त शिशामुळे तिथल्या शिशाच्या खाणींना उतरती कळा लागली होती. त्याच सुमारास जॉर्ज गार्डिनर हा गावातला दुकानदार क्विल्टच्या कापडावर नक्षी आखून देऊ लागला. एलिझाबेथ सँडरसन त्याच्या हाताखाली शिकली आणि पुढं तिनं स्वतः मुली शिकवून तयार केल्या. या मंडळींना ‘स्टँपर’ म्हणत. नाव असं असलं तरी ठसे मारणं त्यात नव्हतं. पुठ्ठ्याचे साचे, बाकी हातानं, आणि निळी पेन्सिल. कापड टेबलावर पसरून मधोमध मोठा फुलोरा, कोपऱ्यांत वळत जाणाऱ्या वेली, उरलेल्या जागेत बारीक चौकड्या, असं आखलं जाई आणि मग ते गिऱ्हाइकाकडं जाई. चराला हा प्रवास झेपला नसता. पेन्सिलीची रेघ हाताळणी सोसून टिकली, म्हणूनच अख्खी चादर एकच चित्र म्हणून विचारात घेता आली.

यावर वेल्सचा दाखला कुणी पुढं करेल. तिथं खडूनं आखत, तरी मध्यवर्ती वर्तुळाभोवती रचलेले भरगच्च क्विल्ट होत. खरं आहे. पण ते नीट पाहिले तर चादर आधी सरळ रेघांनी कप्प्यांत वाटलेली दिसते आणि चक्रं, पानं, नागमोडी वळणं त्या कप्प्यांच्या आत राहतात. एकेक कप्पा उघडा पडेल तसा आखता येतो. सँडरसनच्या परंपरेतली वेल अशी कुंपणं फारशी मानत नाही.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: आखून मिळालेल्या कापडानं घरोघरच्या बायकांची स्वतःची नक्षी मारली, लोककलेचा विकाऊ माल केला. त्यात तथ्य आहे. एका गावाचा घाट सगळ्या खोऱ्यांत पसरला. पण विकत नक्षी घेणं म्हणजे भ्रष्ट होणं, हा हिशेब मला पटत नाही. लाडकी लेस दुकानातून आणणाऱ्या बाईला आपण तो लावत नाही. शिवाय खाणी बसत चाललेल्या मुलखात मुलींना शिकून कमावता येईल असं हे एक काम होतं. १९२८ मध्ये सरकारी मदतीवरच्या ग्रामोद्योग संस्थेनं वेल्स आणि डरहॅममधल्या क्विल्टकामाला पुन्हा चालना दिली, तेव्हाही हेतू पोटापाण्याचाच होता.

राहता राहिला तो पेन्सिलीचा डाग. ती धुण्यात जाईल या भरवशावर वापरली जाई, आणि वापरातल्या क्विल्टवरून बहुतेक गेलीही. मात्र न धुता जपून ठेवलेल्या क्विल्टांवर ती आजही टाक्यांच्या कडेनं निळसर दिसते. गृहिणीला ती कामातली उणीव वाटेल. अभ्यासकाला तोच पुरावा, कारण स्टँपर आपल्या कामावर सही करत नसत. आखून घेतलेली पण कुणी शिवलीच नाहीत अशी कापडंही संग्रहांत आहेत. त्यांच्यावर एकही टाका नाही, आणि निळी वेल कोपऱ्यापर्यंत पुरी काढलेली आहे.