नकाशावरचे कुलूप



कुलूप हा शब्द उच्चारला की आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना कारखान्याच्या फाटकावरची टाळेबंदी आठवते. आज ज्या कुलपाचा इतिहास सांगण्यासाठी मी उभा आहे त्याला हात लावता येत नाही, आणि ते मालक लावीत नसून पगारी नोकर लावतो. पुण्यामुंबईच्या कितीतरी कचेऱ्यांत तरुण मुले-मुली संगणकापुढे बसून इमारतींचे नकाशे तयार करतात. त्यांतल्या पुष्कळ इमारती सातासमुद्रापलीकडे उभ्या राहतात आणि नकाशा करणाऱ्याच्या दृष्टीस कधी पडत नाहीत. नकाशा म्हणतो खरा, पण आता कागदावर रेघा ओढण्याचे काम मागे पडत चालले आहे. संगणकात सबंध इमारतच रचतात: भिंत, दार, तुळई, नळ, तारा, सारे आपापल्या मापांसह आणि गुणधर्मांसह. ह्या पद्धतीस बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, थोडक्यात ‘बिम’, असे नाव आहे. एकाच इमारतीवर वीस-वीस, तीस-तीस माणसे एकाच वेळी काम करतात. तेव्हा एकाने एखादी भिंत हाती घेतली की ती इतरांना बंद होते, आणि कोणी ती हलवू गेला तर संगणक सांगतो की ही वस्तू अमक्याच्या ताब्यात आहे. हेच ते कुलूप. फेरफार कोणाच्या हातचा आणि त्या हाताचे नाव पुसण्याचा अधिकार कोणाला, हा आमचा जुना प्रश्न त्याच्या पोटात दडलेला आहे, म्हणून मी हा विषय घेतला.

आधी कागदाचे दिवस पाहू. जॉन हर्शेल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली लोखंडाच्या क्षारांपासून निळी छाया उठविण्याची युक्ती शोधली. पुढे तीच नकाशांच्या प्रती काढण्यास उपयोगी पडली आणि ‘ब्ल्यू प्रिंट’ हा शब्द घरोघर गेला. अर्धपारदर्शक कापडावर किंवा कागदावर शाईने काढलेले मूळ ट्रेसिंग एकच असे. प्रती कितीही निघोत, बदल करावयाचा तर मूळच बाहेर काढावे लागे. ते कपाटात असे. ड्राफ्ट्समनने ते आपल्या बोर्डावर टाचले की दुसऱ्या कोणाला त्यावर रेघ ओढणे शक्यच नव्हते. शाई ब्लेडने हलकेच खरवडायची, नवी रेघ मारायची, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत तारीख, बदलाचे अक्षर आणि स्वतःची आद्याक्षरे घालायची. कागद एका वेळी एकाच बोर्डावर राहू शकतो. म्हणजे कुलूप निसर्गानेच घातलेले होते, ते कोणाला निराळे करावे लागले नाही.

ही कोपऱ्यातली चौकट म्हणजे कारकुनी शिष्टाचार, असे कोणास वाटेल. त्याने अमेरिकेतील कॅन्सस सिटीची हकीकत ऐकावी. तेथील हयात रीजन्सी हॉटेल १९८० साली उघडले. त्याच्या प्रशस्त दालनात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या पातळीवर, एकाखाली एक, असे दोन झुलते पूल छतापासून सळ्यांनी टांगले होते. मूळ कल्पनेप्रमाणे छतापासून खालपर्यंत अखंड सळ्या जाणार होत्या आणि दोन्ही पूल त्याच सळ्यांना धरून राहणार होते. इतक्या लांब सळीवर आटे पाडून नट चढवीत नेणे पोलादकाम करणाऱ्यांना अवघड वाटले. त्यांनी सळीचे दोन तुकडे केले: छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, आणि वरच्या पुलाच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत दुसरा. कागदावर पाहिले तर फरक केवढासा! पण एका दोरीला दोन माणसे वेगवेगळी लोंबकळत आहेत अशी कल्पना करा, आणि मग खालच्या माणसाने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले असे समजा. दोरीवरचा भार तेवढाच राहिला, पण वरच्या माणसाच्या मुठीवर तो दुप्पट झाला. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी, खाली नाचाचा कार्यक्रम रंगलेला असता, ती मूठ सुटली. ११४ माणसे मेली आणि २०० हून अधिक जखमी झाली.

चौकशीत दिसले की मूळची रचनाही शहराच्या नियमांना हवी त्याच्या सुमारे ६० टक्केच बळाची होती, आणि ह्या बदलाने ती पार दुबळी केली. नकाशांवर इंजिनियरांच्या पेढीचा शिक्का होता. पोलादवाले म्हणाले, आम्ही फोनवर विचारले होते. इंजिनियर म्हणाले, असा फोन आलाच नाही. शेवटी मिसूरी राज्यात दोन इंजिनियरांचे परवाने रद्द झाले. कागद एकाच बोर्डावर होता, कोपऱ्यात चौकट होती, शिक्का होता, आणि तरीही बदल कोणी मान्य केला ह्याची निःसंदिग्ध नोंद उरली नाही.

ह्याच सुमारास ड्रॉइंग बोर्डाची सद्दी संपत आली होती. १९६३ साली अमेरिकेतील एम.आय.टी. ह्या संस्थेत आयव्हन सदरलंड ह्यांनी ‘स्केचपॅड’ नावाची किमया करून दाखविली. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेघ ओढायची, आणि ह्या दोन रेघा समांतरच राहोत, ह्या दोन सारख्याच लांबीच्या राहोत, अशी आज्ञा द्यायची. मग एक हलविली की दुसरी आपोआप जागा धरी. आजच्या बिममध्ये मापाशेजारी जे छोटे कुलूप दिसते त्याचा हा पूर्वज. हे कुलूप मापांना बांधते. माणसाचा त्याच्याशी संबंध नाही. तसेच टाचणीचे चिन्ह असते. वस्तू चुकून धक्का लागून हलू नये म्हणून ती लावायची. ज्याला हवे तो ती उपटू शकतो. नवशिका कामगार ही दोन कुलुपे आणि मी आरंभी सांगितलेले ताब्याचे कुलूप ह्यांची गल्लत करतो आणि तासन् तास डोके खाजवीत बसतो.

चार्ल्स ईस्टमन ह्या अमेरिकन प्राध्यापकाने १९७५ साली एक लेख लिहिला. नकाशांच्या जागी संगणकच वापरावा असा त्याचा रोख होता. त्याचे म्हणणे असे की, एकच खांब आपण तळमजल्याच्या नकाशात काढतो, छेदात काढतो, पुन्हा दर्शनी नकाशात काढतो. एकात बदल केला की बाकीचे खोटे पडतात. तेव्हा इमारतीचे एकच वर्णन ठेवावे आणि नकाशे त्यातून काढून घ्यावे. कल्पना सोन्यासारखी. पण वर्णन एक आणि हात अनेक झाले, तर दोन हात एका खांबावर पडायचे. निसर्गाने घातलेले कुलूप संगणकाने मोडले, आणि आता ते माणसाला नव्याने घडवावे लागणार होते.

ते आधी घडले बँका आणि तिकिटांच्या हिशेबासाठी. दोन खिडक्यांवरून एकच बर्थ दोघांना विकला जाऊ नये, हा प्रश्न आपणां सर्वांच्या ओळखीचा आहे. आय.बी.एम. कंपनीतील जिम ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास ह्या कुलपांचा बारकाईने विचार केला. त्यांच्या विवेचनातला एक मुद्दा माझ्यासारख्या पुस्तके चाळून शिकलेल्या माणसालाही पटकन उमगला. कुलूप केवढे असावे? सबंध वाड्याला एकच घातले तर सांभाळायला सोपे, पण एक बिऱ्हाडकरू बाहेर गेला की बाकीचे ओसरीवर उभे. प्रत्येक डब्याला निराळे घातले तर कोणाची अडचण नाही, पण किल्ल्यांचा जुडगा सांभाळता सांभाळता दिवस जायचा. वाडा, खोली, कपाट अशी उतरंड लावून जेवढे लागेल तेवढेच बंद करावे, हा त्यांनी काढलेला मार्ग.

इमारतींच्या प्रांतात हा विचार मागाहून पोचला. हंगेरीतल्या ग्राफिसॉफ्ट कंपनीने आपल्या ‘आर्किकॅड’मध्ये २००९ साली, हवी ती वस्तू हवी तेव्हा राखून घेण्याची सोय केली. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या एका लहान कंपनीने २००० साली ‘रेव्हिट’ बाजारात आणले. २००२ साली ऑटोडेस्क कंपनीने ती कंपनी विकत घेतली, आणि आपल्याकडील पुष्कळ कचेऱ्यांत आज तेच चालते. म्हणून त्याची रीत जरा तपशिलाने सांगतो.

मध्यवर्ती फाइल एक असते. प्रत्येकजण तिची स्वतःपुरती नक्कल घेऊन काम करतो. नकलेत भिंतीला हात लावला की ती मध्यवर्ती फाइलीत त्याच्या नावे उसनी लागते. ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी म्हणा ना. काम झाले की दोन गोष्टी करायच्या. केलेला बदल मध्यवर्ती फाइलीत मिळवायचा, आणि उसनी घेतलेली वस्तू परत करायची. कोणाला ती मधेच हवी असेल तर तो ताबेदाराला विनंती धाडतो, आणि ताबेदार ती मान्य किंवा अमान्य करतो. ह्याशिवाय इमारतीचे भाग पाडून एकेक भाग एकेकाच्या नावे ठेवता येतो. पण तेथे एखाद्या हौशी गड्याने सबंध मजला आपल्या नावे केला की बाकीचे चहा पीत बसतात. मी तर म्हणेन, घरी जाताना हात धुवावेत तसे सारे परत करून उठावे. अर्ध्या कटकटी तेवढ्याने मिटतात.

उरलेल्या कटकटी गैरहजर माणसाच्या असतात. माणूस आजारी पडतो, गावी जातो, नोकरी सोडतो, आणि त्याच्या नावची कुलुपे तशीच राहतात. फाइल कचेरीच्या सर्व्हरवर असेल आणि माणूस कंपनीच्या खात्यात लॉग-इन झालेला नसेल, तर रेव्हिट त्याला ओळखते ते सेटिंगमध्ये टाईप केलेल्या नावावरून. तेव्हा कोणीही तेथे गैरहजर माणसाचे नाव लिहावे, फाइल उघडावी आणि सारी कुलुपे सोडून द्यावी. ही युक्ती सर्रास चालते. तिच्यात दोन धोंडे आहेत. मूळ माणसाच्या नकलेत न मिळविलेले काम असेल आणि इतरांनी दरम्यान त्याच वस्तू बदलल्या, तर परत आल्यावर त्याचे ते काम आत शिरत नाही, वाया जाते. हा पहिला धोंडा. दुसरा असा की प्रत्येक वस्तूपाशी तीन नावे असतात: ती कोणी निर्माण केली, आता कोणाच्या ताब्यात आहे, आणि शेवटचा बदल कोणाचा. उसन्या नावाने बदल केला की तिसऱ्या जागी त्याच माणसाचे नाव बसते.

एका कचेरीतली मुलगी वडिलांच्या आजारपणासाठी तातडीने सांगलीस गेली. तिच्या ताब्यात हवेच्या नळांची आणि भिंतींतल्या भोकांची मांडणी होती. परदेशी गिऱ्हाइकाची तारीख जवळ आलेली, तेव्हा वरिष्ठाने तिचे नाव टाईप करून कुलुपे सोडविली, आणि नाव मूळपदी न आणताच संध्याकाळपर्यंत काम केले. महिन्याने भोके चुकल्याची तक्रार आली. नोंद पाहिली तर शेवटचा बदल हिचा! हातात मेमो पडला तेव्हा ती आमच्याकडे आली. मी तिला म्हटले, “बाई, संगणक राहू द्या, मस्टर मागा.” मस्टरवर त्या दिवशी तिची रजा होती, आणि बदलाची तारीख तीच. मेमो मागे घेतला गेला. वरिष्ठ काही दुष्ट माणूस नव्हे. त्याच्याही डोक्यावर तारीख होती. पण मस्टर नसते तर?

हा प्रश्न ब्रिटनमध्ये फार आधी उठला. तेथील ड्राफ्ट्समन लोकांनी १९१३ साली आपली संघटना बांधली. त्याच परंपरेतल्या संघटनेचे अध्यक्षपद भूषविलेले माइक कूली लुकास एअरोस्पेस कंपनीत इंजिनियर होते. संगणकाने नकाशा काढण्याचे काम कसे बदलते ह्यावर त्यांनी १९७२ सालीच लिहिले, आणि १९८० मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केले. पूर्वीचा ड्राफ्ट्समन वस्तू कल्पी, रेखाटी, तिचे बळ तपाशी, कारखान्यात जाऊन बोले. पुढे हे सारे तुकड्या-तुकड्यांनी निरनिराळ्या हातांत गेले, असे त्यांचे निरीक्षण होते. १९८१ साली त्यांना नोकरीवरून काढले. यंत्राला त्यांचा विरोध होता असे कित्येक समजतात, ते खरे नाही. यंत्र माणसाच्या कसबाला जोड देणारे असावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

नावाच्या कुलपाला आमच्या कारखान्यांत एक जुनी तोड आहे. फिटर यंत्रात हात घालण्यापूर्वी मेन स्विच बंद करतो आणि त्यावर स्वतःचे कुलूप लावून नावाची चिठ्ठी अडकवतो. किल्ली त्याच्या खिशात. ज्याने लावले त्यानेच काढावे. अमेरिकेत १९८९ साली ह्या रीतीला सरकारी नियमाचे रूप आले, आणि त्यात गैरहजर माणसाचाही विचार आहे. त्याचे कुलूप दुसऱ्याने काढायचे तर आधी तो आवारात नाही ह्याची खात्री करून घ्यावी, त्याला कळविण्याचा शक्य तो प्रयत्न करावा, आणि तो कामावर परत येताच, त्याने हात घालण्यापूर्वी, कुलूप काढल्याचे त्याला सांगावे. तेथे प्राणाचा प्रश्न आहे आणि येथे नुसत्या मॉडेलचा, असे मला एका व्यवस्थापकाने ऐकविले. मी त्याला कॅन्सस सिटीची सळी सांगितली.

त्या मेमोच्या प्रकरणानंतर आम्ही कचेरीला तीन मागण्यांचे पत्र दिले. गैरहजर माणसाचे कुलूप सोडविण्यापूर्वी त्याला फोन करावा आणि न मिळविलेले काम आहे काय हे विचारावे. कुलूप सोडविणाऱ्याने आपले खरे नाव, वेळ आणि कारण वहीत लिहावे, आणि बदल करण्यापूर्वी यंत्रात स्वतःचे नाव पुन्हा घालावे. माणूस परतल्यावर त्याने जुन्या नकलेला हात लावण्याआधी वहीतली नोंद त्याला दाखवून त्याची सही घ्यावी. पहिली दोन कलमे दोन बैठकींत मान्य झाली, आणि ती वही आता सर्व्हरच्या खोलीबाहेर दोरीने टांगलेली असते. तिसऱ्या कलमावर बोलणी चालू आहेत.