वनराज भाटिया, ओळीनं

‘मंथन’चं गाणं आणि ‘भारत एक खोज’चं शीर्षकसंगीत एकाच माणसाचं, हे पटकन ध्यानात येत नाही. म्हणून वनराज भाटियांचं काम सालवार लावून ऐकायला घेतलं.

भाटिया मुंबईचे, जन्म १९२७ चा. लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकले, मग पॅरिसला नादिया बुलांजेंकडे. परतल्यावर दिल्ली विद्यापीठात शिकवलं, जाहिराती केल्या. १९७४ ला ‘अंकुर’ आला आणि श्याम बेनेगलांशी जोडी जमली.

मी सर्वात रेंगाळलो ते ‘भूमिका’वर (१९७७). हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेला सिनेमा. त्यात जुन्या बोलपटांतली गाणी हवीत, पण उसनी नकोत, नवी रचायची! पाश्चात्त्य संगीत शिकून आलेल्या या गृहस्थांनी ती अशी केली, की जुन्या तबकड्यांतून काढल्यासारखी वाटतात. हे मला त्यांचं सगळ्यात अवघड काम वाटतं. (घरात मतभेद आहेत, असो.)

मग १९८८. दूरदर्शनवर ‘तमस’ आणि ‘भारत एक खोज’ एकाच वर्षी. ‘खोज’ला नासदीय सूक्त, समूहस्वरात. ‘तमस’ला राष्ट्रीय पुरस्कार.

पण गोची इथेच होते. गाणी गोळा करता येतात. पार्श्वसंगीत संवादांखाली असतं, ते सुटं कसं करणार? आणि भाटियांचं निम्मं मोठेपण तिथेच आहे. शेवटची वर्षं आर्थिक ओढाताणीत काढून ते २०२१ मध्ये गेले.

माझ्या यादीत ‘तमस’पुढे गाणं नाही, नुसते प्रसंग लिहिलेत. संवादांसकट.