महाराजाच्या विमानात मागे कोण बसायचं?

तिकीट काढताना अ‍ॅपवर इकॉनॉमी, प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस, फर्स्ट असे पर्याय येतात. मी कोड लिहिणारा माणूस, मला प्रश्न पडला, एअर इंडियात हे सगळं कुठून सुरू झालं?

सुरुवातीला क्लासची भानगडच नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला छोटंसं पस मॉथ विमान आणलं, त्यात होतं टपाल. ८ जून १९४८ ला 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. १९५३ मध्ये कंपनी सरकारी झाली. १९७१ मध्ये जंबो जेट आलं. खिडक्यांभोवती रंगवलेले झरोके, वरच्या मजल्यावर फर्स्ट क्लासवाल्यांचं लाउंज. म्हणजे आकाशातला महालच!

पण खरी गर्दी खाली, इकॉनॉमीत. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. तिथले भारतीय कसेबसे जॉर्डनमधल्या अम्मानला पोचले. एअर इंडियाने पुढाकार घेऊन तिथून एक लाखाहून जास्त माणसं घरी आणली. त्यात मजूर होते, तसेच बंगला-गाडी मागे सोडून आलेलेही. तेव्हा क्लास कुठला, हा प्रश्नच नव्हता. सीट मिळाली, बास.

२७ जानेवारी २०२२ ला कंपनी परत टाटांकडे गेली. आता सीट, स्क्रीन, जेवण सगळं सुधारतंय, छानच आहे. पण राष्ट्रीय विमान कंपनी कशाला हवी, हे मला झरोक्यांपेक्षा अम्मानमुळे कळलं. पुन्हा तशी वेळ आली, तर सरकारने हक्काने फोन कुणाला करायचा? तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा.