22 फेब्रुवारीला परळमध्ये

मुंबईत, कुलाब्याला ‘तलवार’च्या जेवणघरात तुम्ही उभे आहात. नाव जहाजाचं वाटलं तरी ही जमिनीवरची छावणी आहे. नौदलाच्या पोरांना इथे बिनतारी संदेशांचं शिक्षण मिळतं. सोमवारची सकाळ, 18 फेब्रुवारी 1946. नाश्ता तसाच पडून आहे. डाळीत खडे असणं रोजचंच, पण आज कुणी पंगतीला बसायला तयार नाही. जेवण नाही तर काम नाही, एवढंच ठरलंय.

भोवतीचे चेहरे नीट पाहून घ्या. बहुतेकांची विशी नुकतीच उलटलेली. पंजाबी, बंगाली, मद्रासी, कोकणी. हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती. युद्धात भरती करताना दिलेली आश्वासनं युद्ध संपताच हवेत विरली. तेच काम, तोच गणवेश, पण गोऱ्या खलाशाचा पगार वेगळा, जेवण वेगळं. वर ‘तलवार’चे प्रमुख कमांडर किंग यांच्या शिव्या, त्याही आईबापावरून. बलाईचंद दत्त नावाच्या तारायंत्री पोराने भिंतींवर ‘छोडो भारत’ आणि ‘जय हिंद’ रंगवलं आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो पकडला गेला. लाल किल्ल्यातला आझाद हिंद सेनेवरचा खटला तर या सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेला आहे. म्हणून केवळ खड्यांसाठी हे बंड झालं असं कुणी सांगितलं तर मानू नका.

दुसऱ्या दिवशी तुम्ही फोर्टात आहात. नौसैनिकांनी भरलेले ट्रक घोषणा देत जाताहेत. बंदरातल्या जहाजांवरचा ब्रिटिश झेंडा उतरलाय आणि त्या जागी काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे चढलेत. हे तिन्ही पक्ष एकमेकांशी धड बोलतही नाहीत. त्यांचे झेंडे मात्र या पोरांनी एकाच काठीला लावलेत. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदनसिंग. मागण्यांच्या यादीत जेवण आणि पगार आहेच, शिवाय राजकीय कैद्यांची सुटका आहे, आणि इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत बोलवा हेही आहे. दुसऱ्या गुलाम देशावर गोळ्या झाडायला आमचे हात वापरू नका, असं वीस-बावीस वर्षांचा पोर साम्राज्याला लेखी कळवतो. मला या बंडातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. पाहता पाहता 78 जहाजं, 20 तळ आणि सुमारे 20 हजार माणसं संपात उतरतात, कराचीही पेटते.

गुरुवारी, 21 तारखेला, टाउन हॉलजवळच्या कॅसल बॅरक्समध्ये गोळीबार सुरू होतो. बाहेर लष्कराचा वेढा, आत अडकलेले नौसैनिक आता उलट गोळ्या झाडताहेत. तुम्ही गेट वे ऑफ इंडियाकडे चला. धक्क्यावर माणसांची रीघ लागलीय. कुणी भाकऱ्या आणल्यात, कुणी केळी, कुणी दुधाच्या बाटल्या. जहाजांवरची रसद सरकारने तोडलीय, म्हणून बायाबापड्या घरचं अन्न घेऊन आल्यात, दुकानदारांनी पाट्याच्या पाट्या मोकळ्या केल्यात. होड्या येतात, भरून जातात. पहाऱ्यावरचे हिंदी शिपाई हे सगळं बघत उभे आहेत. त्याच दिवशी नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल गॉडफ्रे रेडिओवरून धमकावतात: शरण या, नाहीतर सगळं नौदल नष्ट झालं तरी सरकार मागे हटणार नाही.

आता परळला या. शुक्रवार, 22 फेब्रुवारी. इथे जरा थांबू या, कारण बंडाच्या गोष्टी बहुधा धक्क्यावरच संपतात आणि हा दिवस त्यांत येतच नाही.

गिरणीचा भोंगा वाजला, पण फाटकातून आत कुणी जात नाही. कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिलीय. काँग्रेस आणि लीग, दोघांचाही तिला विरोध आहे. तरीही लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या गिरण्या थंड आहेत, रेल्वेचे कारखाने बंद आहेत, आणि लाखो कामगार रस्त्यावर आहेत. यांना नौदलातल्या डाळीशी काय करायचंय? पण चाळीत विचारून बघा. कोकणातल्या कितीतरी घरांत एक भाऊ साच्यावर असतो आणि दुसरा बोटीवर. साहेबाची शिवी दोघांनीही खाल्लेली आहे.

रस्त्यावर दगड, पिंपं, जे मिळेल ते आडवं टाकलंय. लष्कराच्या गाड्या शिरतात आणि गोऱ्या शिपायांच्या बंदुका चाळींच्या दिशेने वळतात. परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या रस्त्यावर आहेत. गोळ्या सुटतात. कमल दोंदे जागीच कोसळतात. कुसुम रणदिवे यांच्या पायात गोळी लागते. अहिल्या रांगणेकर त्यांच्याबरोबर आहेत. पुढे त्या याच शहरातून खासदार होतील. तुम्हाला पुढचं सगळं आज ठाऊक आहे, पण त्या गल्लीत तुम्ही कुणालाच सावध करू शकत नाही. या दिवसांत शहरात दोनशेच्या वर माणसं मरतात आणि हजारावर जखमी होतात. बहुतेकांच्या हातात फार तर दगड होता.

त्याच दिवशी वल्लभभाई पटेलांचा निरोप येतो: शस्त्रं खाली ठेवा, कुणाला त्रास होऊ नये याची आम्ही काळजी घेऊ. लीगही तेच सांगते. उद्या राज्य हाती येणार, तेव्हा शिस्तीचं नौदल हवं, हा नेत्यांचा विचार मला समजतो. गांधीजींनीही या पोरांना चुकीच्या वाटेवरचं ठरवलं. समाजवादी नेत्या अरुणा असफ अली मात्र त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. हिंदू आणि मुसलमान एकाच मोर्चावर उभे राहिलेले दिसण्याची ती शेवटच्या काही संधींपैकी एक होती. ऑगस्टमध्ये कलकत्त्यातल्या हिंदू-मुसलमान दंगलीत काय झालं, ते आपण जाणतोच.

शनिवारी, 23 तारखेला सकाळी, संप समिती शरण जाते. आम्ही ब्रिटिशांना नव्हे, आमच्या देशाला शरण जातोय, असं ती सांगते. पोरं पकडली जातात, छावण्यांत डांबली जातात.

एक खुलासा इथेच करतो. सत्तांतराची बोलणी करायला येणाऱ्या ब्रिटिश मंत्र्यांच्या कॅबिनेट मिशनची घोषणा 19 फेब्रुवारीला झाली, म्हणून ती या बंडामुळे झाली असं अनेकदा सांगितलं जातं. तसं नाही, मिशन पाठवायचं लंडनमध्ये आधीच ठरलं होतं. बंडाचं मोल त्यामुळे कमी होत नाही. फेब्रुवारीत नौदल उठलं. हिंदी गणवेशाच्या भरवशावर हा देश यापुढे ताब्यात ठेवता येणार नाही, हे सरकारला कळून चुकलं.

पटेलांच्या निरोपातलं आश्वासन पाळलं गेलं नाही. 476 जणांना बडतर्फ करण्यात आलं, आणि 1947 नंतर त्यांना ना भारताच्या नौदलाने परत घेतलं, ना पाकिस्तानच्या. पुष्कळ वर्षांनी कुलाब्यात त्यांचं स्मारक झालं, नौदलाच्या दोन टग बोटींना मदनसिंग आणि दत्त यांची नावंही मिळाली. परळच्या मृतांपैकी कमल दोंदे हे नाव तरी टिकलं. तुमच्या घरात गिरणीत राबलेलं कुणी असेल आणि 22 फेब्रुवारीची एखादी हकिकत, एखादं नाव तुमच्यापर्यंत पोचलं असेल, तर ते लिहून ठेवा.