चाकाभोंवतालचें कुंपण

पुण्याहून मिरजेकडे जाणारी आगगाडी वाटेंत सातारा रोड, कऱ्हाड आणि किर्लोस्करवाडी हीं स्टेशनें घेते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या तिन्ही ठिकाणीं नांवाजलेले कारखाने उभे राहिले. किर्लोस्करवाडीस १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं नांगरांचा कारखाना काढला. कऱ्हाड स्टेशनाजवळ १९१६ सालीं ओगले बंधूंचा कांचेचा कारखाना निघाला. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा लोखंडकामाचा कारखाना नांवारूपास आला. हा सर्व इतिहास महाराष्ट्राच्या परिचयाचा आहे. त्यांतील एक गोष्ट मात्र सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. कूपर यांचा कारखाना ब्रिटिश मुलखांत होता आणि उरलेले दोन औंध संस्थानांत होते. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानांत आपोआप लागू होत नसत. उतारूला हद्द ओलांडल्याचें कळतही नसे. फॅक्टरी इन्स्पेक्टराला मात्र ती ओलांडतां येत नसे.

आणि हा इन्स्पेक्टर ज्या कायद्याचा चाकर, त्याच्याशीं साताऱ्याच्या खेड्यांचा संबंध फार जुना होता. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरीच्या खालोखाल सातारा जिल्ह्यांतील माणूस भरलेला असे. गिरणींत बोटें गमावलेला कामगार शेवटीं गांवींच परत येई आणि त्याचा भार त्याच्या भाऊबंदांच्या दोन बिघे जमिनीवर पडे. १८८१ सालीं पहिला कारखान्यांचा कायदा झाला. त्यानें सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याची मनाई केली आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालण्यास सांगितलें; पण तो शंभर किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांपुरताच होता, आणि ज्याचा हात गेला त्याच्या पोटाविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें. तें अक्षर प्रथम उच्चारलें नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांच्या पुढाकारानें मुंबईंत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार झाला. कामांत जबर इजा झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, ही त्यांतील एक मागणी होती. ती कायद्यांत उतरण्यास १९२३ साल उजाडलें. एकोणचाळीस वर्षें! त्या नुकसानभरपाईच्या कायद्याचें परिशिष्ट वाचतांना अंगावर कांटा येतो. अंगठा गेल्यास कमाईच्या शक्तीची हानि शेंकडा २५, तर्जनी गेल्यास १०, दुसरें एखादें बोट गेल्यास ५. हा हिशेब रुक्ष खरा, परंतु भिक्षा आणि हक्क यांमधील अंतर त्यानेंच प्रथम मोजून दिलें.

औंधच्या हद्दींतील माळावर हें परिशिष्ट नव्हतें. बेळगांवची जागा सोडावी लागल्यावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या ओसाड जमिनीवर लक्ष्मणरावांनीं संसार थाटला, आणि नांगर ज्यांच्यासाठीं करावयाचे त्याच शेतकऱ्यांचीं मुलें भोंवतालच्या गांवांतून कामावर आलीं. ओतशाळेचें काम म्हणजे काय, हें घरबसल्या कळणें कठीण. बीड सुमारें १२०० अंश सेंटिग्रेडला वितळतें. सांच्याच्या वाळूंत थोडी ओल हवी, नाहींतर ती धरत नाहीं. पण ती ओल बेताबाहेर गेली, किंवा रसाचें भांडें आधीं तापवून पुरतें कोरडें केलेलें नसलें, कीं पाण्याची क्षणांत वाफ होते आणि तांबडा रस कारंजासारखा उसळतो. म्हणून ओतशाळेंत खरा पहारेकरी इन्स्पेक्टर नव्हे. वाळू मुठींत दाबून पाहणारा आणि "आज ओतूं नका" असें म्हणण्याची छाती असलेला सांचेवाला हाच तेथील पहारेकरी. त्याचें हें बोलणें मिस्त्रीनें ऐकून घेतलें तर दिवसाचें काम बुडतें. न ऐकलें तर कोणाचे तरी पाय भाजतात.

यंत्रशाळेंतील धोका निराळा. छताखालून एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रावर उतरत. धोतराचा सोगा, उपरण्याचें टोंक, पागोट्याचा शेमला, जें जें मराठी माणसाच्या अब्रूचें चिन्ह तें तें त्या पट्ट्याला सांपडण्याजोगें. नांगराच्या मागें ज्यानें जन्म काढला त्याला बैलाचा राग आधीं ओळखूं येतो. फिरता दांडा रागावत नाहीं, हें त्याला शिकावें लागतें.

लक्ष्मणरावांनीं वसाहतींत अस्पृश्यता पाळूं दिली नाहीं आणि शिक्षा भोगून सुटलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलें. चरित्रकार हें त्यांच्या उदार मनाचें लक्षण मानतात, आणि तें योग्यच आहे. परंतु कारखान्याच्या दृष्टीनेंही त्यांत मोठें शहाणपण होतें. रसाचें भांडें दोघे मिळून उचलतात. तेथें एकानें दुसऱ्याची सांवली टाळून चालणें म्हणजे दोघांचाही घात. एकमेकांवर विश्वास नाहीं अशा माणसांच्या हातीं तापलेलें लोखंड देऊं नये.

तथापि मालकाच्या चांगुलपणावर उभी असलेली सुरक्षितता मालकाच्या आयुष्याएवढीच लांब असते. उलट नुसत्या कायद्याचीही गोष्ट फारशी निराळी नव्हती. १९२३ च्या कायद्यांतच एक अपवाद होता: कामगारानें संरक्षक जाळी जाणूनबुजून काढली असेल तर भरपाई नाहीं. जाळी तो कां काढतो, हें मात्र कायद्यानें विचारलें नाहीं. उक्त्या कामांत जाळीनें हात अडतो, नग कमी निघतात, मजुरी कमी पडते. कामगार निष्काळजी असतो असें म्हणणें सोपें आहे. पुष्कळ वेळां तो केवळ गरीब असतो. १९२९ सालीं नेमलेल्या मजूर कमिशनावर नारायण मल्हार जोशी यांच्यासारखा कामगारांचा कैवारी होता, ही त्या काळांतील जमेची बाजू.

८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढील वर्षीं दक्षिण सातारा जिल्हा निघाला. त्यालाच १९६० सालीं सांगली हें नांव मिळालें. १ एप्रिल १९४९ पासून नवा कारखान्यांचा कायदा अमलांत आला आणि आगगाडीच्या त्या रुळांवरील जुनी हद्द पुसली गेली. चालत्या यंत्राजवळ तपासणीचें वा तेल देण्याचें काम घट्ट कपडे घातलेल्या शिकाऊन तयार केलेल्या प्रौढ माणसानेंच करावें, असें त्यांत स्पष्ट सांगितलें होतें. सोग्याचा आणि शेमल्याचा प्रश्न असा कलमांत आला.

ओल्या वाळूविषयीं बोलणाऱ्या सांचेवाल्याचा प्रश्न मात्र पुढें बरींच वर्षें तसाच राहिला. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळांत विषारी वायूनें हजारों माणसें मेलीं, तेव्हां कोठें सरकार जागें झालें. १९८७ च्या दुरुस्तीनें धोक्याच्या कारखान्यांत सुरक्षा समित्या आल्या आणि त्यांत कामगारांचे व व्यवस्थापकांचे प्रतिनिधी सारख्या संख्येनें बसूं लागले. आसन्न धोक्याची शंका आल्यास कामगारानें ती व्यवस्थापकांस व त्याच वेळीं इन्स्पेक्टरासही कळवावी. व्यवस्थापकांस ती पटली नाहीं, तरी त्यांना तें प्रकरण इन्स्पेक्टराकडे पाठवावेंच लागे. धोक्याच्या उद्योगांच्या यादींत ओतशाळाही होत्या आणि कांचेचे कारखानेही. लोखंड्यांच्या सभांस तेव्हां एकशें तीन वर्षें झालीं होतीं.