भारनियमन: गावच्या डीपीपासून खिशातल्या फोनपर्यंत

१/ फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर येते. बचतीची कळ दाबताच पडदा मंद होतो, मागे चाललेली ॲप थांबतात, फोन मात्र चालू राहतो. या युक्तीमागचा विचार नांदेड-लातूरच्या खेड्यांना नवा नाही. त्याचे मराठी नावही जुनेच आहे: भारनियमन. आजचा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/ विजेच्या जाळ्यात मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवावा लागतो. मागणी वरचढ झाली, तर सारे जाळे कोसळू नये म्हणून काही भागांची वीज मुद्दाम तोडतात. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला. मागणी मात्र वाढतच गेली. पुढील पाच-सहा वर्षांत महाराष्ट्राची कमाल मागणीच्या वेळची तूट ४,००० मेगावॉटच्या पुढे गेली.

३/ मग अंधार कोणाच्या वाट्याला द्यायचा? वीज नियामक आयोगाच्या सूत्रानुसार जिथे गळती आणि थकबाकी अधिक, तिथे भारनियमनाचे तासही अधिक. शहरांच्या तुलनेत खेड्यांना जास्त झळ बसली. मराठवाड्याच्या ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. नियमित बिल भरणारे घरही शेजाऱ्यांच्या थकबाकीपायी अंधारात बसे.

४/ वीजनिर्मिती शेजारीच होत होती, हा यातला विरोधाभास. लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. दुष्काळात तेही हतबल ठरले: पाण्याअभावी फेब्रुवारी २०१३ मध्ये ते बंद ठेवावे लागले आणि २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली.

५/ याच अंधाराच्या काळात मोबाइल गावोगाव पोहोचला. २००३ मध्ये आलेल्या नोकिया ११०० मध्ये टॉर्च होता, धूळ रोखणारा कीपॅड होता आणि बॅटरी अनेक दिवस टिके. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक संच विकले गेले. वीज कधी येईल याची शाश्वती नसलेल्या घरात ‘चार्जिंग किती दिवस पुरते’ हाच फोनचा पहिला गुण होता.

६/ त्याच सुमारास महावितरणने ‘अक्षय प्रकाश योजना’ आणली. कमाल मागणीच्या संध्याकाळी गावाने स्वेच्छेने शेतीपंप आणि पिठाच्या गिरण्या बंद ठेवायच्या, तारांवरचे आकडे काढायचे. बदल्यात घरांतील दिवे-पंखे चालू राहतील, असा हा करार. मोठा भार थांबवून आवश्यक तेवढे जपायचे. यात महत्त्वाची गोष्ट ही की काय थांबवायचे, याला गावाची संमती होती.

७/ आता फोनकडे वळू. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये बॅटरी सेव्हर आला, तर २०१५ मध्ये आयफोनला लो पॉवर मोड मिळाला. त्याच वर्षी अँड्रॉइड ६ ने पडून असलेल्या फोनला गाढ झोपवणारी ‘डोझ’ पद्धत आणली. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मधील ‘अडॅप्टिव्ह बॅटरी’ वापराच्या सवयी शिकते आणि क्वचित उघडल्या जाणाऱ्या ॲपची मागची कामे लांबणीवर टाकते.

८/ फोनमधले ‘शेतीपंप’ कोणते? पडद्याचा उजेड, सतत चालणारे लोकेशन, मागे चालणारी ॲप आणि क्षीण सिग्नल. टॉवर दूर असेल तर फोन अधिक शक्ती खर्च करतो. रेंजच नसलेल्या शिवारात फ्लाइट मोड उपयोगी पडतो. ओएलईडी पडद्यावर काळी पार्श्वभूमी वीज वाचवते, कारण तिथे काळे बिंदू प्रकाशतच नाहीत. बॅटरीचे आयुष्य वाढवायचे तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणारी सोय वापरावी आणि मराठवाड्याच्या चाळीस अंशांपुढच्या उन्हात फोन तापू देऊ नये.

९/ परंतु जुना प्रश्न इथेही उरतोच: अंधार कोणाच्या वाट्याला? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरात वीज कोसळण्याचा इशारा देते. मराठवाड्यात पावसाळ्यापूर्वीच्या वादळांत शिवारातली माणसे आणि जनावरे विजेने दगावतात. हे ॲप रोज कोणी उघडत नाही. म्हणूनच फोन त्याला बिनमहत्त्वाचे समजून झोपवू शकतो आणि इशारा उशिरा पोहोचू शकतो.

१०/ उपाय सोपा आहे. बचत चालू ठेवावी. मात्र सेटिंग्जमधील बॅटरीच्या विभागात जाऊन अशा ॲपवरचे निर्बंध काढावेत. किती वेळा वापरले यावरून एखाद्या गोष्टीची गरज ठरत नाही. भारनियमनाच्या सूत्राने थकबाकीचा आकडा पाहिला, त्यामागचे घर पाहिले नाही. फोनचे सूत्रही सवय पाहते, संकट पाहत नाही. काय थांबवायचे हे अक्षय प्रकाशच्या गावांनी स्वतः ठरवले होते. फोनच्या बाबतीतही तो अधिकार वापरणाऱ्याने आपल्याच हाती ठेवावा.