ऐंशी रुपये आणि रोजचा हिशेब

गिरगावातल्या लोहाणा निवास या इमारतींच्या समूहात, १५ मार्च १९५९ रोजी, एका गच्चीवर सात बायका पापड लाटायला बसल्या. दिवस मावळला तेव्हा चार पाकिटं तयार होती. पुढे या चार पाकिटांचा 'लिज्जत' झाला, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. दर महिला दिनाला ही कथा कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून सांगितली जाते. जिद्द, चिकाटी, एकजूट हे सगळं त्या भाषणांत येतं. येत नाही ती हिशेबाची वही. आणि लिज्जतचा खरा इतिहास सापडतो तो त्या वहीतच.

सुरुवात ८० रुपयांपासून करू. जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या सहा मैत्रिणींनी ही रक्कम छगनलाल करमशी पारेख यांच्याकडून घेतली. 'भारत सेवक समाजा'च्या कामाशी जोडलेले हे कार्यकर्ते छगनबाप्पा या नावाने ओळखले जात. घेतली ती उसनी. बायकांनी पहिल्याच दिवसांत ठरवून टाकलं की धंदा तोट्यात गेला तरी कोणापुढे हात पसरायचा नाही. त्या पैशांतून त्यांनी तोट्यात चाललेला पापडाचा एक छोटा धंदा हाती घेतला आणि लागणारा कच्चा माल व सामान आणलं. उसन्या पैशाचा एक गुण असतो. तो परत करायचा असल्यामुळे कुठे खर्च झाला हे लिहून ठेवावंच लागतं. दानाच्या पैशाला तेवढा धाक नसतो.

पापडच का, याचं उत्तर त्या काळातल्या घराघरांत होतं. मराठी घर असो की गुजराती, उन्हाळा आला की वाळवणं सुरू व्हायची. पापड, कुरडया, सांडगे यांनी गच्च्या भरून जायच्या. उडदाचं पीठ, पापडखार, हिंग, मिरी. पीठ घट्ट भिजवायचं, तेलाचा हात लावून कुटायचं, लाट्या करायच्या आणि कागदासारखे पातळ पापड लाटायचे. मुलं लाट्यांवर डोळा ठेवून बसायची, शेजारणी लाटायला यायच्या. थोडक्यात, कौशल्य आधीच हातात होतं, शिकण्याचा खर्च शून्य. जागा गच्चीची, वाळवायला ऊन फुकट. स्वयंपाकपाणी उरकल्यावर दुपारचा जो वेळ कुठल्याच हिशेबात धरला जात नव्हता, त्याला पहिल्यांदा दर मिळणार होता.

माल खपवण्यासाठी भुलेश्वरातला एक ओळखीचा व्यापारी गाठला. एकदा पापड बाजारात पोचले की पुढचं काम पापडांनीच करायचं होतं, कारण जाहिरातीला पैसे नव्हते. जे पापड मोडायचे ते शेजारीपाजारी वाटले जात. ते तसेही विकता आले नसते. वाटल्यामुळे चव मात्र चार घरांत पोचली आणि त्या घरांतून तोंडोतोंडी पुढे गेली. पुढे देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांत बातम्या आणि लेख येऊ लागले, त्यांनाही पैसे पडले नाहीत.

पहिल्या वर्षाची एकूण विक्री झाली ६,१९६ रुपये. वर्षाच्या दिवसांनी भागलं तर दिवसाला सरासरी १७ रुपये. त्यातून पीठमसाल्याचा खर्च जायचा, लाटणाऱ्यांची मजुरी जायची. कोणीही डोळे विस्फारावेत असा हा आकडा नव्हे. शिवाय तो वर्षभराच्या कामाचा नव्हता, कारण मुंबईचा पाऊस मध्ये आला. पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडलं. हंगामी धंद्यातली ही जुनीच अडचण आहे: माल विकला जाईल, गिऱ्हाईक तयार आहे, पण मालच काढता येत नाही, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं.

दुसऱ्या पावसाळ्याआधी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. धग वर जाई, बाहेर संततधार असली तरी पापड वाळत. रॉकेलचा खर्च नव्याने आला, पण चार महिन्यांची कमाई वाचली. यंत्राबिंत्राच्या नादी न लागता, ज्या एका अडचणीमुळे वर्षातले चार महिने कोरडे जात होते नेमक्या तिच्यावरच पैसा घातला गेला. लिज्जतच्या इतिहासातली ही बहुधा पहिली भांडवली गुंतवणूक, आणि ती होती खाटेची.

छगनबाप्पांनी पैशापेक्षा मोलाच्या दोन गोष्टी दिल्या. सुरुवातीला बायका दोन प्रतींचे पापड काढत होत्या, त्यातले हलक्या प्रतीचे स्वस्तात विकता यावेत म्हणून. बाप्पांनी ते थांबवायला सांगितलं: पापड एकाच दर्जाचा हवा आणि त्यात तडजोड नको. छोट्या उत्पादकाला दोन प्रतींचा मोह नेहमीच होतो, कारण स्वस्त मालाला गिऱ्हाईक पटकन मिळतं. पण दोन्ही पाकिटं एकाच घरातून निघणार, तेव्हा हलक्या पापडाची बदनामी चांगल्याच्या वाट्यालाही येणार, हे उघड होतं. दुसरी गोष्ट वहीची. हे काम समाजसेवा म्हणून करू नका, धंदा म्हणून करा आणि हिशेब चोख ठेवा, असा त्यांचा आग्रह होता.

तीन महिन्यांत सातच्या पंचवीस जणी झाल्या, तिसऱ्या वर्षी संख्या तीनशेच्या वर गेली. आता गच्ची पुरेना. मग भिजवलेलं पीठ बायकांनी घरी न्यायचं, घरीच पापड लाटून वाळवायचे आणि आणून द्यायचे, अशी रीत पडली. जागेच्या टंचाईतून निघालेली ही वाट पुढे सगळ्या संस्थेचा कणा झाली. कारखान्याचं भाडं वाचलं, विजेचं बिल वाचलं, आणि ज्या बायकांना घर सोडून दिवसभर बाहेर राहणं शक्य नव्हतं त्यांनाही काम घेता आलं.

हा दिनक्रम जवळून पाहिला की त्यातलं पैशाचं गणित कळतं. पहाटे, म्हणजे साडेचारच्या सुमारास, शाखेत पीठ मळायला सुरुवात होते. सकाळी बहिणी (सभासदांना संस्थेत बहीणच म्हणतात) ॲल्युमिनियमचे डबे घेऊन येतात. मुंबईत त्यांना आणायला-सोडायला संस्थेची छोटी बस असते. आदल्या दिवशी लाटलेले पापड वजन करून द्यायचे, त्यांची 'वणाई', म्हणजे लाटण्याची मजुरी घ्यायची आणि नव्या पिठाचा डबा घेऊन घरी जायचं. दिलेलं पीठ किती आणि आलेले पापड किती याचा ताळा तिथेच वजनावर लागतो. कोणाचं पीठ कमी आलं, कोणाचे पापड ओलसर आहेत, हे दुसऱ्याच दिवशी समजतं. महिनाअखेरीला तूट सापडली तर ती कोणाची हे शोधण्यात निम्मी शक्ती खर्च होते. इथे तूट चोवीस तासांपेक्षा जुनी होऊच शकत नाही.

मजुरी रोज द्यायची तर पैसाही रोज यायला हवा. म्हणूनच विक्रीत उधारीला जागा ठेवली गेली नाही. वितरकाने आधी अनामत ठेवायची आणि माल उचलताना रोख पैसे मोजायचे, असा नियम झाला. किराणा दुकानदारीत महिन्याची उधारी हा शिरस्ता असताना असा नियम चालवणं सोपं नसतं. दुकानदार सांगतात, दुसरा महिनाभराच्या बोलीवर माल देतो, तुमचा कशाला घेऊ? या प्रश्नाला लिज्जतकडे एकच उत्तर होतं: गिऱ्हाईक नाव घेऊन पापड मागतं. बाप्पांचा एकाच दर्जाचा आग्रह आणि रोखीचा व्यवहार या दोन गोष्टी अशा एकमेकींना बांधलेल्या आहेत. माल कुठलाही चालणारा असता तर रोखीची अट कोणी मानली नसती. आणि उधारी दिली असती तर लाटणारीचे पैसे अडकले असते, ती दुसरं काम शोधायला गेली असती आणि दर्जाही तिच्याबरोबर गेला असता.

नावाची गोष्ट १९६२ मधली. तोवर पापड चालू लागला होता, पण त्याला स्वतःचं नाव नव्हतं. बायकांनी स्पर्धा लावली, बक्षीस ठेवलं पाच रुपये. धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेलं 'लिज्जत' हे नाव निवडलं गेलं. गुजरातीत त्याचा अर्थ चव, स्वाद. बोलायला सोपं, लक्षात राहणारं, आणि मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्यालाही परकं न वाटणारं. संस्थेचं नाव झालं 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड'. १९६२-६३ मध्ये विक्री १ लाख ८२ हजारांवर गेली. तीन-चार वर्षांपूर्वीचा ६,१९६ हा आकडा त्याच्याशेजारी ठेवून पाहावा.

सगळे डाव सरळ पडले असं मात्र नाही. १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला. पुढच्या काळातही काड्यापेट्या, चामड्याच्या वस्तू असे उद्योग करून पाहिले, ते टिकले नाहीत. खाखरा, मसाले, वड्या, 'ससा' हे धुण्याचं साबण-चूर्ण यांना जागा मिळाली, तरी पापडाची गादी कोणी घेतली नाही. जमलं नाही ते बंद करायचं आणि त्याचा तोटा पापडाच्या खात्यावर वर्षानुवर्षं टाकत राहायचा नाही, एवढी शिस्त राहिली.

मोठं व्हायचं तर खेळतं भांडवल लागतं, आणि रोज रोखीत चालणाऱ्या धंद्यालाही त्याची गरज पडते. जुलै १९६६ मध्ये संस्थेची सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. छगनबाप्पांनी त्यासाठी आयोगाचे अध्यक्ष उछंगराय ढेबर यांच्याकडे प्रयत्न केले होते. मान्यतेबरोबर ८ लाख रुपयांचं खेळतं भांडवल आणि करसवलती आल्या. हे पैसे संस्थेला मिळाले ते तिची सात वर्षांची वही तयार असल्यावर. १९६८ मध्ये गुजरातेतल्या वालोडला शाखा निघाली आणि लिज्जतने महाराष्ट्राची सीमा ओलांडली.

शाखा वाढल्या की चव बदलण्याचा धोका वाढतो. एका गावच्या उडदाची चव वेगळी, दुसऱ्या गावच्या हिंगाची वेगळी. यावर उपाय म्हणून कच्च्या मालाची खरेदी मुंबईतून एकत्र केली जाऊ लागली. घाऊक खरेदीत भाव चांगला मिळाला हा वरचा फायदा. लाटणं मात्र हातानेच राहिलं. ते यंत्राकडे दिलं असतं तर पापड कदाचित स्वस्त पडला असता, पण मग हजारो बायकांच्या घरी जाणारा डबाच बंद झाला असता.

नफ्या-तोट्याची वाटणीही शाखेच्या पातळीवर ठरली. शाखेला नफा झाला तर तिथल्या बहिणींमध्ये तो सारखा वाटायचा. जुनी-नवी, पीठ मळणारी की पापड लाटणारी, असा भेद नाही. कधी रोख, कधी सोन्याच्या रूपात. तोटा झाला तर तोही सगळ्यांनी सोसायचा. त्यामुळे शेजारणीचा जाड लाटलेला पापड ही फक्त शेजारणीची चूक राहत नाही. देखरेख करणाऱ्या बहिणी घरोघर जाऊन लाटण्याची जागा स्वच्छ आहे का, पापड कुठे वाळतात हे पाहतात. ज्यांच्या घरी तेवढी जागा नाही, त्यांना शाखेत मळण्याचं, तपासण्याचं किंवा पाकिटं भरण्याचं काम मिळतं. सभासद फक्त स्त्रियाच होऊ शकतात. पुरुष पगारावर नोकरी करू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

जाहिरातीवर मोठा खर्च सुरू झाला तो यानंतर, दूरदर्शनच्या जमान्यात. 'कुर्रम कुर्रम' म्हणत पापड खाणारा ससा घराघरांत पोचला. तो ससा घडवला मराठी शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी माल, मग हिशेब, मग नाव, आणि जाहिरात सगळ्यांत शेवटी. आज अनेक छोटे उद्योग पहिल्याच महिन्यात मोबाइलवरच्या जाहिरातींत भांडवलाचा मोठा वाटा ओततात, आणि पहिली मागणी आल्यावर माल वेळेवर निघत नाही. लिज्जतकडे ससा आला तेव्हा पापड वाळवण्याचा प्रश्न केव्हाच सुटला होता.

गुजराती बायकांनी गिरगावात सुरू केलेल्या या धंद्यात मराठी बायका मोठ्या संख्येने आल्या आणि कारभारीही झाल्या. संस्थेच्या अध्यक्ष झालेल्या ज्योती नाईक आणि स्वाती पराडकर या दोघींचीही सुरुवात पापड लाटण्यापासून झाली. बाहेरून पगारी व्यवस्थापक आणून डोक्यावर बसवण्याची पद्धत इथे नाही. जिने पीठ घेतलं, वजन करून पापड दिले आणि वणाई मोजून घेतली, तीच पुढे शाखेची संचालिका होते, कारण व्यवहाराची प्रत्येक पायरी तिच्या हाताखालून गेलेली असते. जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा संस्थेत सुमारे ४५ हजार बहिणी होत्या आणि वार्षिक उलाढाल हजार कोटींच्या पुढे गेली होती. वणाई अजूनही वजनावरच ठरते आणि वितरकाला माल अजूनही रोखीनेच मिळतो.